ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाताना : मुक्काम आवारात करावा की बाहेर?

फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा तेथे मॅजिक किंगडम हे एकच पार्क आणि त्याच्या जोडीला मोजकी हॉटेले होती. पुढे १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज या नावाने ओळखले जाणारे पार्क आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम अशी भर पडत गेली. आज चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि डिस्नेची स्वतःची पंचवीसहून अधिक हॉटेले मिळून हा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटरांचा झाला आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे मुंबई शहर यात सामावूनही जागा उरेल. हे आकारमान आधीच ध्यानात घेतलेले बरे, कारण ‘आवारातील हॉटेल’ म्हटले की पार्कच्या फाटकाला लागून असलेली इमारत डोळ्यांपुढे येते आणि प्रत्यक्षात आवारातील काही हॉटेलांपासून मॅजिक किंगडम आठ-दहा किलोमीटर दूर असते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत ही सहल आजी-आजोबा भारतातून आले की ठरते. तीन पिढ्या, सहा-सात माणसे, त्यांत एखादे दुडूदुडू चालणारे मूल आणि एखादे दुखरे गुडघे, असा तो गोतावळा असतो. अशा कुटुंबाने मुक्कामाचा निर्णय कसा घ्यावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. माझे मत आधीच नोंदवतो. ज्या कुटुंबातील निदान काही माणसे दुपारी खोलीवर परतणार आहेत, त्याने आवारात राहावे. जे कुटुंब सकाळी बाहेर पडून रात्रीच परतणार आहे, त्याने आवारातील हॉटेलाचे जादा पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा. बाकी सगळे मुद्दे या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पहिली पायरी : पार्कचे दिवस ठरवावेत

हॉटेलांच्या किमती पाहण्यापूर्वी किती दिवस प्रत्यक्ष पार्कमध्ये घालवायचे, हे कागदावर मांडावे. प्रथमच जाणाऱ्यांना चार पार्कसाठी चार दिवस आणि मध्ये विश्रांतीचा एक दिवस पुरतो. पोहोचण्याचा दिवस पार्कसाठी धरू नये. हॉटेलची खोली साधारणपणे दुपारी तीननंतर मिळते, विमान उशिरा पोहोचू शकते आणि महागडे तिकीट अर्ध्या दिवसासाठी खर्ची पडते.

तारखांचा परिणाम किमतीवर फार मोठा होतो. नाताळ ते नववर्ष, मार्चमधील वसंताच्या सुट्ट्या, ईस्टर आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाचा आठवडा या काळात खोल्यांचे दर आणि तिकिटांचे दर दोन्ही चढे असतात. भारतातून येणाऱ्यांची आणि अमेरिकेतील शाळांची उन्हाळी सुट्टी जून-जुलैत जुळते, म्हणून बहुतेक मराठी कुटुंबे तेव्हाच जातात. त्या महिन्यांत ऑरलँडोची हवा मे महिन्यातील कोकणासारखी दमट असते आणि दुपारी विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळणे हा जवळजवळ नित्यक्रम असतो. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवल्या जातात. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असल्याने, या काळातील आरक्षण करताना रद्द करण्याच्या अटी नीट वाचाव्यात.

दुसरी पायरी : आवारात काय काय मिळते ते समजून घ्यावे

डिस्ने आपली हॉटेले ढोबळमानाने तीन दर्जांत विभागते. सर्वांत स्वस्त दर्जाला ‘व्हॅल्यू’ म्हणतात आणि त्यात ऑल-स्टार नावाची तीन हॉटेले, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन ही येतात. त्यावरच्या ‘मॉडरेट’ दर्जात कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज आणि पोर्ट ऑर्लिअन्सची दोन हॉटेले मोडतात. सर्वांत वरच्या ‘डिलक्स’ दर्जात कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, ॲनिमल किंगडम लॉज, यॉट क्लब, बीच क्लब, बोर्डवॉक अशी नावे आहेत. यांखेरीज स्वयंपाकघर असलेले व्हिला आहेत, पण त्यांचे दर ऐकून बहुतेक जण पुढचे पान उलटतात.

दर्जापेक्षा वाहतुकीचे साधन अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही हॉटेले मोनोरेलवर आहेत, आणि कंटेम्पररीहून मॅजिक किंगडमला दहा मिनिटांत पायी जाता येते. यॉट क्लब, बीच क्लब आणि बोर्डवॉक येथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही दोन्ही पार्क चालत जाण्याजोगी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कायलायनर’ या रोपवेवर पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही हॉटेले आहेत आणि त्यावरून एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओजला जाता येते. म्हणून स्वस्त दर्जात राहायचे असेल, तर ऑल-स्टारपेक्षा थोडे अधिक देऊन पॉप सेंच्युरी घेणे मी रास्त मानतो. उरलेल्या बहुतेक ठिकाणी बस हेच मुख्य साधन आहे. ॲनिमल किंगडमला तर प्रत्येक हॉटेलातून बसनेच जावे लागते. त्याचेच नाव धारण करणाऱ्या लॉजमधूनही चालत जाण्याची सोय नाही.

खोल्यांचा आकार पाहून अनेकांची निराशा होते. व्हॅल्यू दर्जाची साधी खोली सुमारे २६० चौरस फुटांची असते आणि तीत चार माणसांपर्यंतच राहू दिले जाते. सहा माणसांसाठी दोन खोल्या घ्याव्या लागतात किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशन अथवा ऑल-स्टार म्युझिकमधील ‘फॅमिली स्वीट’ घ्यावा लागतो. दोन खोल्या घेताना आतून दाराने जोडलेल्या खोल्या हव्यात, असे आरक्षणाच्या वेळीच सांगावे, नाही तर आजी-आजोबांची खोली दुसऱ्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला मिळू शकते.

तिसरी पायरी : सवलतींचे खरे मोल ठरवावे

आवारात राहणाऱ्यांना डिस्ने काही सवलती देते आणि त्यांची जाहिरात जोरात होते. त्या आपल्या कुटुंबाला किती उपयोगी पडतील, हे एकेक करून तपासावे.

पहिली सवलत म्हणजे रोज प्रत्येक पार्कमध्ये इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश. हा अर्धा तास सोन्याचा असतो, कारण एरवी दीड तास रांग लावावी लागेल अशी एखादी राइड त्यात सहज उरकते. मात्र त्यासाठी पार्क नऊला उघडत असेल, तर आठच्या आतच फाटकापाशी उभे राहावे लागते, म्हणजे सर्वांच्या आंघोळी, चहा आणि लहानग्यांची तयारी सातपर्यंत आटोपायला हवी. ज्या घरात सुट्टीत नऊच्या आधी कोणी अंथरूण सोडत नाही, त्या घरासाठी या सवलतीचे मोल शून्य आहे. ही सवलत डिस्नेच्या मालकीच्या नसलेल्या काही ठरावीक हॉटेलांनाही लागू आहे. स्वान, डॉल्फिन, डिस्ने स्प्रिंग्ज या आवारातील बाजारपेठेजवळची हॉटेले आणि बॉनेट क्रीकमधील हिल्टन समूहाची हॉटेले ही त्यांतली काही. इतर सवलती मात्र हॉटेलाप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येकाची यादी स्वतंत्रपणे पाहावी.

दुसरी सवलत ‘लायटनिंग लेन’ची. पैसे भरून रांग टाळण्याची ही सोय २०२४ च्या जुलैपासून आगाऊ आरक्षणाने मिळू लागली. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी संपूर्ण मुक्कामासाठी वेळा निवडता येतात, तर बाहेर राहणाऱ्यांना पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी. ॲनिमल किंगडममधील ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ किंवा हॉलिवूड स्टुडिओजमधील ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ यांसारख्या राइड्ससाठी हा फरक गर्दीच्या हंगामात जाणवतो. एक गैरसमज येथे दूर करायला हवा. ही सेवा हॉटेलाच्या दरात समाविष्ट नसते. आवारात राहणाऱ्यांनाही तिचे पैसे वेगळे भरावेच लागतात.

हॉटेलांतील आणि पार्कमधील उपाहारगृहांचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. आवारातील पाहुण्यांना त्या एकाच दिवशी पुढील दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामातील जेवणांचे आरक्षण करता येते. डिस्नेच्या चित्रपटांतील राजकन्यांच्या वेशातल्या कलाकारांसोबत जेवण्याचा मुलांचा हट्ट असेल, तर ही सोय कामाची आहे. नसेल तर नाही. डिलक्स दर्जातील पाहुण्यांना निवडक रात्री पार्क बंद झाल्यावर आणखी दोन तास थांबता येते, आणि ती तरुण जोडप्यांसाठी मौजेची गोष्ट आहे.

वाहनतळाचा मुद्दा हिशोबात धरावा. बाहेरून मोटार घेऊन येणाऱ्याला थीम पार्कच्या वाहनतळावर दिवसाला ३० डॉलर किंवा त्याहून अधिक द्यावे लागतात, आणि आवारातील पाहुण्यांना ते माफ असतात. डिस्नेच्या हॉटेलांत रात्रीचे पार्किंगही २०२३ पासून पुन्हा विनामूल्य झाले आहे. याउलट विमानतळावरून हॉटेलात विनामूल्य नेणारी डिस्नेची बस २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. जुनी माहिती वाचून अनेक जण अजूनही तिच्या भरवशावर असतात, तेव्हा विमानतळ ते हॉटेल हा सुमारे ३० किलोमीटरांचा प्रवास आता स्वखर्चाने करायचा आहे, हे धरूनच चालावे.

चौथी पायरी : ‘बाहेर’ म्हणजे नेमके कुठे ते नकाशावर पाहावे

बाहेरील हॉटेलांच्या जाहिरातींत ‘डिस्नेजवळ’ हे शब्द फार सैलपणे वापरलेले असतात. डिस्ने स्प्रिंग्ज आणि लेक ब्यूना व्हिस्टा हा भाग खरोखरच जवळ आहे. बॉनेट क्रीक तर डिस्नेच्या जमिनीने वेढलेला आहे. किसिमी शहराकडे जाणाऱ्या १९२ क्रमांकाच्या महामार्गावर स्वस्त मोटेलांपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सर्व काही आहे, पण तेथे एकाच रस्त्यावर डिस्नेपासूनचे अंतर पाच मिनिटेही असू शकते आणि अर्धा तासही. इंटरनॅशनल ड्राइव्ह हा भाग युनिव्हर्सल या ऑरलँडोतील दुसऱ्या थीम पार्क-समूहाला सोयीचा आहे. तेथून डिस्नेला येताना आय-फोर महामार्गाची कोंडी वाट्याला येते. डेव्हनपोर्ट आणि चॅम्पियन्सगेट येथे खासगी पोहण्याचा तलाव असलेली सुट्टीची घरे मोठ्या संख्येने आहेत आणि मोठ्या कुटुंबांना तीच अधिक भावतात. हॉटेलाचा पत्ता नकाशावर टाकून, सकाळी आठ वाजता ज्या पार्कला जायचे आहे त्या पार्कपर्यंतचा वेळ पाहावा. नुसते अंतर पाहून निष्कर्ष काढू नये.

त्यातही मॅजिक किंगडमचा मामला वेगळा आहे. बाहेरून येणारी मोटार थेट या पार्कच्या दारात जातच नाही. ती तळ्याच्या अलीकडच्या मोठ्या वाहनतळावर लावायची, तेथून ट्रामने किंवा चालत स्थानकापर्यंत यायचे, सुरक्षा तपासणीतून जायचे, मग मोनोरेल किंवा फेरीबोट पकडून तळे ओलांडायचे आणि तेव्हा कुठे पार्कचे फाटक दिसते. टॅक्सीही त्याच अलीकडच्या स्थानकापाशी सोडते. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. डिस्नेच्या हॉटेलांतून येणारी बस मात्र फाटकाजवळच उतरवते. रात्री आतषबाजी संपल्यावर झोपलेले मूल खांद्यावर घेऊन हाच प्रवास उलट दिशेने करावा लागतो, तेव्हा हा फरक पुरता कळतो. बाहेर राहणाऱ्यांनी त्या रात्री आतषबाजीनंतर लगेच न धावता तासभर आत रेंगाळून गर्दी ओसरू द्यावी.

हॉटेलाची स्वतःची विनामूल्य बस आहे, असे लिहिलेले दिसले तर तिच्या फेऱ्यांचे वेळापत्रक मागवून घ्यावे. दिवसातून मोजक्या फेऱ्या, आसने आधी राखून ठेवण्याची अट आणि चारही पार्कसाठी एकच थांबा असे स्वरूप अनेक ठिकाणी असते. अशा बसवर विसंबून सकाळच्या पहिल्या तासात पार्क गाठणे अवघड जाते.

पाचवी पायरी : एका रात्रीच्या दराऐवजी संपूर्ण मुक्कामाचा खर्च मांडावा

संकेतस्थळावर दिसणारा एका रात्रीचा दर फसवा असतो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत ‘रिसॉर्ट फी’ नावाचे दैनंदिन शुल्क नसते, पण बाहेरील अनेक हॉटेलांत ते असते आणि त्यावर रात्रीच्या पार्किंगचे शुल्क वेगळे असू शकते. २०२५ च्या मे महिन्यापासून अमेरिकेत सक्तीची शुल्के धरूनच किंमत दाखवण्याचा नियम हॉटेलांना आणि सुट्टीच्या घरांना लागू झाला असल्याने पूर्वीपेक्षा पारदर्शकता आली आहे, तरी कर आणि पार्किंग आपणच तपासावे. राहण्यावरील कर ऑरेंज काउंटीत, म्हणजे डिस्नेचे बहुतेक आवार ज्या जिल्ह्यात आहे तेथे, साडेबारा टक्के आणि ऑसिओला काउंटीत, म्हणजे किसिमीच्या बाजूला, साडेतेरा टक्के आहे.

सहा माणसे, पाच रात्री आणि चार पार्क-दिवस असे उदाहरण घेऊ. पुढील दर केवळ मांडणीसाठी धरले आहेत. आपल्या तारखांचे खरे दर त्या जागी घालावेत. समजा, व्हॅल्यू हॉटेलातील एका खोलीचा दर २०० डॉलर आहे. दोन खोल्यांचे पाच रात्रींचे २००० डॉलर, त्यावर २५० डॉलर कर आणि विमानतळाच्या जाण्या-येण्याचे १५० डॉलर धरले, तर एकूण २४०० डॉलर होतात. आता बाहेरील चार खोल्यांचे घर २३० डॉलर दराने मिळते असे समजू. पाच रात्रींचे ११५० डॉलर, स्वच्छतेचे एकरकमी १७५, संकेतस्थळाचे सेवाशुल्क १५० आणि सुमारे १८० डॉलर कर मिळून १६५५ डॉलर झाले. त्यात भाड्याच्या मोठ्या गाडीचे ४००, पेट्रोल आणि टोलचे ६० आणि पार्कच्या वाहनतळाचे १२० डॉलर मिळवले की बेरीज २२३५ वर जाते. रोज १७० डॉलर, म्हणजे पाच रात्रींचे ८५० डॉलर वाचतील असे सुरुवातीला दिसत होते. हिशोबाअंती हाती उरले १६५. घरी न्याहारी करून आणखी काही वाचेल हे खरे, पण मुक्काम जितका लहान तितकी स्वच्छतेच्या एकरकमी शुल्काची झळ अधिक बसते. दोन-तीन रात्रींसाठी घर घेणे म्हणूनच क्वचितच परवडते. सात-आठ रात्री आणि सहाहून अधिक माणसे असतील, तर चित्र पालटते आणि घर स्पष्टपणे स्वस्त पडू लागते.

गाडीविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. सात आसनांच्या एसयूव्हीमध्ये तिसरी रांग उघडली की मागे सामानाला जागाच उरत नाही, आणि भारतातून आलेल्या दोन माणसांच्या बॅगा तर मोठ्या असतात. मिनीव्हॅन घेणे शहाणपणाचे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फ्लोरिडात मोटारीत बालआसन कायद्याने आवश्यक आहे. विमानतळाकडून येणाऱ्या ४१७ आणि ५२८ या मार्गांवर टोल आहे आणि भाड्याच्या गाड्यांच्या टोल-योजनांत दर दिवसाचे शुल्क लपलेले असते, तेव्हा गाडी ताब्यात घेताना ते विचारावे. डिस्नेच्या बसमध्ये बालआसन लागत नाही. बाबागाडी मात्र चढण्यापूर्वी घडी करावी लागते, आणि ही कसरत एका हातात मूल असताना जमते का, ते घरीच करून पाहिलेले बरे.

सहावी पायरी : दुपारचा प्रश्न सोडवावा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहुतेक पार्क सकाळी आठ-नऊपासून रात्री नऊ-दहापर्यंत चालू असतात. उन्हाळ्यात बाराच्या सुमाराला ऊन, गर्दी आणि रांगा तिन्ही शिगेला पोहोचतात आणि त्यामागोमाग पाऊस येतो. अशा वेळी खोलीवर जाऊन जेवणे, झोपणे, मुलांना तलावात डुंबू देणे आणि पाचच्या पुढे ताजेतवाने होऊन परतणे, हा सर्वांत सुखाचा दिनक्रम आहे. पार्कपासून खोली अर्ध्या तासाच्या आत असेल, तरच तो प्रत्यक्षात येतो. बाहेर राहणारे कुटुंब पहिल्या दिवशी तसे ठरवते, मॅजिक किंगडमहून गाडीपर्यंत पोहोचतानाच दमते आणि दुसऱ्या दिवसापासून तो बेत सोडून देते.

याहून मोठा लाभ असा की आवारात राहिल्यास कुटुंबाला दोन गटांत विभागता येते. आजोबांचे गुडघे दुपारी बारालाच बोलू लागले, तर ते आजींसोबत बसने किंवा स्कायलायनरने परस्पर हॉटेलात जाऊ शकतात. त्यांना कोणी गाडी चालवून सोडावे लागत नाही आणि नातवंडांच्या राइड्सही बुडत नाहीत. बाहेर एकाच गाडीने आलेले सहा जण एकमेकांना बांधलेले असतात. एक दमला की सगळे परततात, किंवा एक जण बाकावर बसून इतरांची वाट पाहत राहतो. डिस्नेच्या बसमध्ये चाकाच्या खुर्चीची सोय असते, हेही वयस्करांसाठी लक्षात ठेवावे. ज्येष्ठांना एकट्याने परतायचे असेल, तर हॉटेलाचे नाव आणि बसथांबा कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवावा आणि त्यांच्या फोनवर इंटरनेट चालू आहे याची खात्री करावी. भारतातून आणलेले सिम कार्ड ऐन वेळी दगा देते.

मुले दहा-बारा वर्षांहून मोठी असतील, घरात वयस्कर कोणी नसेल आणि सर्वांना दिवसभर पायपीट झेपणार असेल, तर दुपारचा हा प्रश्नच उद्भवत नाही. अशा चौघांच्या कुटुंबाने लेक ब्यूना व्हिस्टामधील एखादे चांगले हॉटेल घेतले, तर वाचलेल्या पैशांत लायटनिंग लेनचा खर्च बराच भागतो आणि मला तो अधिक चांगला सौदा वाटतो.

सातवी पायरी : जेवणाचा विचार करावा

पार्कमध्ये शाकाहारी खाणे मिळते, पण चार दिवस पिझ्झा, चिप्स आणि वनस्पतिजन्य बर्गर यांवर काढणे ज्येष्ठांना जड जाते. डिस्नेच्या साध्या खोलीत छोटा फ्रीज आणि कॉफीचे यंत्र असते, मायक्रोवेव्ह नसतो; तो हॉटेलाच्या फूड कोर्टात वापरता येतो. तेव्हा ठेपले, दशम्या, चटण्या, भाजके पोहे आणि गरम पाणी ओतून होणारा उपमा यांच्या जोरावर न्याहारीची सोय होते, पूर्ण जेवणाची होत नाही. पार्कमध्ये स्वतःचे खाद्यपदार्थ नेण्यास डिस्नेची मुभा आहे; काचेची भांडी आणि मद्य तेवढे चालत नाही. ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेज भागातील ‘सना’ या उपाहारगृहात आफ्रिकी पदार्थांना भारतीय मसाल्यांची जोड असते, तेथे नान आणि चटण्यांचे ताट मिळते आणि खिडकीतून जिराफ-झेब्रे दिसतात. एका संध्याकाळी तेथे जायला हरकत नाही.

रोज वरण-भात हवाच असेल, मधुमेहामुळे वेळेवर घरचे खाणे गरजेचे असेल किंवा कोणाचे उपास-तापास असतील, तर बाहेरचे स्वयंपाकघर असलेले घर हाच सरळ मार्ग आहे. ऑरलँडो परिसरात भारतीय किराणा दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. घरातील शेगडी बहुधा विजेची असते आणि तिच्यावर कुकरला वेळ लागतो. फोडणी देण्यापूर्वी वरचा पंखा पूर्ण वेगाने सुरू करून खिडकी उघडावी, कारण मोहरी-मिरचीच्या धुराने धूरसूचक यंत्र ठणाणा करू लागते आणि वसाहतीचा सुरक्षारक्षक दारात येतो. हिवाळ्यात जाणार असाल, तर तलावाचे पाणी तापवण्याचे शुल्क वेगळे आहे का, हेही घरमालकाला विचारून ठेवावे.

दोन्हींचा मेळ घालण्याचा एक मध्यममार्ग आहे. आठ रात्रींच्या सहलीत पहिल्या चार रात्री बाहेरच्या घरी राहून विश्रांती, केनेडी अंतराळ केंद्र, समुद्रकिनारा आणि युनिव्हर्सल उरकावे आणि शेवटच्या चार रात्री आवारात येऊन डिस्नेची पार्क पाहावीत. बॅगा बांधण्याचा एक दिवस वाढतो, पण गाडीचे भाडे निम्मे होते.

आठवी पायरी : आरक्षण कसे करावे

आधी रद्द करता येईल असे आरक्षण करून ठेवावे आणि मग दर पाहत राहावे. डिस्ने वर्षभर वेगवेगळ्या काळांसाठी खोल्यांवर सवलती जाहीर करते आणि अशी सवलत आपल्या तारखांना लागू झाली, तर आधीचे आरक्षण बदलून घेता येते. खोली आणि तिकिटे एकत्रित घेतलेले पॅकेज मुक्कामाच्या तीस दिवस आधीपर्यंत विनादंड रद्द करता येते. नुसत्या खोलीच्या आरक्षणाची मुदत त्याहून सैल असते. आजी-आजोबांचा व्हिसा हातात येण्यापूर्वी परतावा न मिळणारे आरक्षण मुळीच करू नये. सुट्टीच्या घरांच्या अटी बहुधा अधिक कडक असतात, म्हणून तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

युनिव्हर्सल ऑरलँडोला जाणाऱ्यांनी मात्र हे गणित वेगळे मांडावे. तेथील पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन वरच्या दर्जाच्या हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन पार्कमध्ये रांग टाळण्याचा ‘एक्सप्रेस’ पास खोलीच्या दरातच मिळतो. तो येण्याच्या आणि जाण्याच्या अशा दोन्ही दिवशी चालतो. एका रात्रीच्या मुक्कामात सहा माणसांचे दोन दिवसांचे पास हाती येत असतील, तर ती खोली महाग राहत नाही. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कला हा पास लागू नाही.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला तर येथील बहुतेक सल्ला उलटा लागू पडतो. ते १९५५ चे मूळ पार्क गजबजलेल्या वस्तीत आहे आणि हार्बर बुलेव्हार्डवरील कित्येक खासगी हॉटेले त्याच्या दारापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहेत, डिस्नेच्या स्वतःच्या काही खोल्यांपेक्षाही जवळ. तेथे बाहेर राहण्यात दुपारची विश्रांती बुडत नाही. खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना लगतच्या हॉटेलाचा उपयोग मुख्यतः पार्क आणि वॉटर पार्क असे दोन दिवस करायचे असतील तेव्हाच होतो.

निघण्याच्या दिवसाची आखणीही आरक्षणासोबतच करावी. डिस्नेच्या हॉटेलांत सकाळी अकराला खोली सोडावी लागते, पण बॅगा हॉटेलाच्या सामान-सेवेकडे ठेवून संध्याकाळपर्यंत पार्कमध्ये किंवा तलावावर राहता येते. सुट्टीची घरे बहुधा सकाळी दहालाच रिकामी करावी लागतात, कचरा बाहेर नेऊन ठेवावा लागतो आणि बॅगा ठेवायला जागा नसते, म्हणून तेथे राहणाऱ्यांनी परतीचे विमान दुपारच्या सुमाराचे घ्यावे.